सपनं मारणारी अक्का

कमलअक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका वाघाला चपलेनं बडवत होती. तिच्या भोवती वीस-पंचवीस पोरं होती, प्रत्येकाच्या हातात आपापली चप्पल, आणि जो तो दात-ओठ खात वाघावर तुटून पडला होता. वाघ कोळशानं काढलेला होता, अंगणवाडीच्या सिमेंटच्या ओट्यावर. आधी त्याची शेपटी गेली, मग पाय गेले. शेवटी एका शेंबड्या पोरानं त्याचा उरलेला डोळा टाचेनं घासून काढला, तेव्हा अक्कानं हात वर केला.

"मरी गया," ती म्हणाली. "आते हात धुवा."

मी त्या दिवशी शेजारच्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गावर रुजू झाले होते. गाव चोपड्याहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, तिन्ही बाजूंनी केळीच्या बागा. मी जळगावची, मेहरूणमध्ये वाढलेली. लहान मुलांशी हळू आवाजात, गोड बोलावं असं शिकून आलेली. शाळा आणि अंगणवाडीचं आवार एकच होतं, त्यामुळे ही अंगणवाडीची बाई रोज माझ्या डोळ्यांसमोर राहणार होती. आठवडाभरानं मला राहवेना. तिला म्हटलं, "अक्का, एवढ्याशा मुलांना मारामारी कशाला शिकवता?"

अक्का तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मी कोठे शिकाडस, बाई? त्या घरतूनच शिकी येतस. मी नुसतं सांगस, कोन्हाले मारानं."

तिची रीत अशी होती. सकाळी पोरं आली की प्रार्थना नाही, बडबडगीत नाही, आधी गोल करून ओट्यावर बसायचं आणि रात्री काय सपन पडलं ते सांगायचं. चांगलं सपन असेल तर ते वाटायचं. कुणाच्या सपनात जिलेबी आली तर त्यानं उठून प्रत्येकाच्या तळहातावर एकेक जिलेबी ठेवायची, आणि पोरं ती खरंच चावून खायची. वाईट सपन असेल तर अक्का कोळसा घ्यायची. ते सपन ओट्यावर काढायची आणि सगळ्यांनी मिळून ते मारायचं. "सपन पोटमा ठेवानं नही, सडी जास," असं ती म्हणायची, आणि कालची भाजी फेकून द्यावी तितक्या साधेपणानं म्हणायची.

मला वाटलं होतं, लहान पोरांची सपनं म्हणजे पऱ्या, फुलपाखरं. काही दिवस कान देऊन ऐकलं आणि माझी झोप उडाली. कापलेलं बोकड आपलं मुंडकं शोधत घरभर फिरत होतं. ट्रॅक्टर आजोबांना गिळत होता आणि त्यांचं धोतर तेवढं बाहेर लोंबत होतं. विहिरीतून हात वर येत होता. बिबट्या तर रोजचाच, कारण केळीच्या बागांमध्ये तो खरोखरच असायचा. तीन-चार वर्षांची पोरं हे सगळं खाऊचं नाव सांगावं तसं सांगायची, आणि अक्काच्या चेहऱ्यावरची रेघही हलायची नाही.

ती "भीती वाटली का?" असं कधी विचारायची नाही. ती विचारायची, "कितला मोठा व्हता? दात व्हतात का? कोठतून उना?" पोरगं सांगता सांगता कोळशाकडे बघायचं, चूक दुरुस्त करायचं, "इतला नही, अजून मोठा," आणि तेवढ्यात त्याचं थरथरणं थांबायचं. मग ती विचारायची, "तू काय करं?" पळालो म्हणणाऱ्याला शाबासकी. एकदा एक पोरगं रडकुंडीला येऊन म्हणालं, "मी मरी गऊ." अक्कानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मंग आठे कोन बशेल शे? तुना भूत? भूतले खिचडी भेटत नही." सगळी पोरं खिदळली, तेही खिदळलं. कुणी दुसऱ्याचं सपन उचलून सांगितलं तर मात्र ती लगेच पकडायची आणि त्याचा कान पिळायची. सपनाची चोरी तिला खपायची नाही.

पोरं कधी कधी उलटून विचारायची, "अक्का, तुले काय सपन पडनं?"

"माले सपन पडत नही," ती सांगायची. "मना नुसता गुडघा दुखस."

अक्का अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा चकचकीत चट्टा होता. लोक विचारायला बिचकायचे, तीच सांगून मोकळी व्हायची. नवरा धुळ्याकडचा. लग्न झाल्यापासून मारायचा. कारण असो-नसो, जेवणाच्या आधी मारायचा. एक दिवस त्यानं उलथणं चुलीत तापवलं आणि हिच्या हातावर दाबून धरलं. हिनं दुसऱ्या हातानं मुसळ उचललं. त्याचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. त्याला तसाच ओरडत ठेवून ती बसमध्ये बसली आणि इकडे बहिणीकडे आली, ती कायमचीच. "अजून कोना लगनमा दिसना ते लंगडत उठस आणि रामराम करस," ती सांगायची, आणि असं हसायची की तिच्या हातातलं ताट हलायचं. मला ते हसणं आवडायचं नाही. मग आवडायला लागलं. मारकुट्या नवऱ्याबद्दल आमच्याकडे बायका कुजबुजत बोलतात, ही बाई भर चौकात हसत बोलायची, आणि ते ऐकून बऱ्याच घरांतले पुरुष आवाज खाली करायचे हे मी पाहिलं आहे.

पण सपनांवरून गावात एकदा रक्त सांडलं. त्याचं असं झालं. आमच्याकडे कुणाशी वाकडं आलं की माणसाला मारत नाहीत, त्याची केळी कापतात. रात्री बागेत शिरायचं आणि घड लागलेली उभी खोडं सपासप आडवी करायची. सकाळी मालक येतो तो प्रेतांमध्ये उभा राहिल्यासारखा उभा राहतो. तसं एका शेतकऱ्याचं झालं होतं आणि कापणारा सापडत नव्हता. त्याच आठवड्यात गोलू नावाच्या पोरानं ओट्यावर सपन सांगितलं, काका अंधारात केळी कापतो आणि केळी रडतात. अक्कानं केळी काढल्या, विळा काढला, पोरांनी विळा बडवला, विषय संपला. पण मदतनीस मंगलानं ते सपन नळावर नेलं. नळावरून ते घरोघर गेलं. संध्याकाळी काठ्या आणि कुऱ्हाडी निघाल्या. गोलूच्या काकाच्या डोक्याची कवटी दिसेपर्यंत चामडी फाटली, समोरच्या एकाची तीन बोटं गेली. काका त्या रात्री गावातच नव्हता, बहिणीकडे रावेरला होता, हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी अक्कानं मंगलाला ओट्यावर, पोरांदेखत, अशी मुस्कटात मारली की तिचं कानातलं उडून अंगणात पडलं. मग स्वतःच अंगणात बसून ते शोधून दिलं. तेव्हापासून कायदा झाला: ओट्यावरलं सपन ओट्यावरच. पोरांना तो पाठ होता. अक्कानंही तो पाळला, जीव लावून पाळला. आता वाटतं, इतका पाळायला नको होता.

आरोही त्यानंतरच्या वर्षी आली. साडेचार वर्षांची, मोठ्या डोळ्यांची, ओठ आत ओढून बसणारी. तिचा बाप विजू केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम होता. हसतमुख, हातानं चपळ, देवळाच्या वर्गणीत पुढे. आई संगीता, किरकोळ अंगाची बाई, डोक्यावरचा पदर पुढे इतका ओढलेला की चेहऱ्याची एकच बाजू दिसायची. आम्हाला ती लाजाळू वाटायची.

आरोहीनं बरेच दिवस सपनच सांगितलं नाही. अक्का घाई करायची नाही. एक दिवस पोरीनं तोंड उघडलं. घरात केळी उगवल्या आहेत. चुलीजवळ, खाटेजवळ, सगळीकडे. एक माणूस येतो आणि कापतो. केळ पडते आणि तिच्यातून पाणी निघतं, खूप पाणी. केळ उठत नाही.

अक्कानं घर काढलं, केळी काढल्या, कोयता घेतलेला माणूस काढला. पोरांनी तो मारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सपन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाप रोज केळी कापतो, पोर रोज ते बघते, सपनात तेच येणार, असं अक्का मला म्हणाली. तरीही ती अस्वस्थ होती. खिचडीत तिनं मीठ टाकलंच नाही त्या दिवशी.

शनिवारी माणूस काढून झाला, पोरांनी चपला उचलल्या, आणि आरोही एकदम उठून त्या चित्रावर पालथी पडली. दोन्ही हात पसरून. गोलूची चप्पल तिच्या पाठीत बसली तरी हलली नाही.

"मारू नका!" ती किंचाळली. "मना पप्पा शे तो!"

मी माझ्या वर्गाच्या दारातून हे पाहिलं. पोरांच्या चपला हातातच राहिल्या. अक्कानं पोरीला उचललं, मांडीवर घेतलं. तिच्या फ्रॉकला पुढून सगळा कोळसा लागला होता आणि त्या कोळशाखाली, खालच्या घेरावर, तपकिरी डाग होते. अक्कानं ते डाग पाहिले. धावत जाऊन मीही पाहिले. आमच्याकडे कुणाच्या कपड्यावर तपकिरी डाग नसतात? केळीचा चीक लागला की तो वाळून तसाच होतो, सुकलेल्या रक्तासारखा. गावातल्या पोरांचे गणवेश, बायकांची लुगडी, लग्नातल्या पाहुण्यांचे सदरेसुद्धा तसल्या डागांचे. ते डाग इथे कोणी बघत नाही.

सोमवारी अक्कानं संगीताला नळावर एकटीला गाठलं. सपन सांगितलं नाही, कायदा होता. एवढंच विचारलं, "घरमा समदं बरं शे ना?" संगीतानं पदर सावरला. "बरं शे, अक्का." पोरीच्या फ्रॉकला काय लागलं म्हणून विचारलं. "केळीना डाग शे. इना पप्पा कापणीवरतून येस आणि इले उचली लेस." आणि ती हसली. अक्का मला नंतर म्हणाली, संगीताच्या वरच्या ओठाला चीर होती, पण ती बोलता बोलता हसली म्हणून आपण माघारी फिरलो. मागच्या वर्षीची फुटलेली डोकी अक्काच्या डोळ्यांसमोर होती. केळी कापण्याच्या सपनावरून तिला पुन्हा गाव पेटवायचं नव्हतं.

मंगळवारी आरोहीला सोडायला विजू आला. तो कधी येत नसे. पोरीच्या वेण्या बापानं घातलेल्या, एक वर एक खाली.

"आज तू कसा काय उना रे?" अक्कानं विचारलं.

"ती माहेरले गयी, अक्का. सकायमाच." हसला, गेला.

सपनं सुरू झाली. अक्का खिचडीचं पातेलं उतरवून पळीनं ढवळत ढवळत ऐकत होती. आरोहीची पाळी आली.

"माले सपन पडनंच नही," आरोही म्हणाली. "माले झोपच उनी नही."

अक्का पळी हातात घेऊनच तिच्याजवळ सरकली. डिसेंबरची थंडी होती आणि पोर कुडकुडत होती. अक्कानं तिच्या फ्रॉकला हात लावला. फ्रॉक ओला होता. शनिवारचाच फ्रॉक, धुतलेला. अक्कानं घेर हातात धरून उलटा केला, सुलटा केला. डाग नव्हते.

केळीचा डाग धुतल्यानं जात नाही. कापड फाटतं, डाग राहतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

अक्का उठली ती धावतच सुटली. दुखऱ्या गुडघ्याची बाई, हातात पळी तशीच, पळीतून खिचडी गळते आहे. "बाई, पोरं!" एवढंच मला ओरडून गेली. मी दोन्हीकडची पोरं एका वर्गात कोंबली आणि मंगलाला तिच्यामागे पिटाळलं. पुढचं मला मंगलानं सांगितलं, आणि अक्कानं पुढे प्रत्येक भेटीत.

विजूच्या घराला बाहेरून कडी होती. अक्का क्षणभर थबकली. बाहेरून कडी म्हणजे घरात कोणी नाही, माहेरी गेली असेल खरंच. तेवढ्यात आतून भांडं घरंगळल्याचा आवाज आला. तिनं कडी काढली. संगीता चुलीपासून दारापर्यंत सरपटत आली होती. जमिनीवर तिच्या सरपटण्याचा पट्टा होता. मानेवर आणि खांद्यावर कोयत्याचे वार. एक हात मनगटापाशी जवळजवळ सुटलेला. दाराच्या आतल्या बाजूला, खाली, रक्ताचे बोटांचे ठसे होते. ती ते दार किती वेळ वाजवत होती कोण जाणे. आजूबाजूची माणसं कापणीवर गेली होती.

आणि ती जिवंत होती.

रस्त्यात केळीच्या पानांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. अक्का आणि मंगलानं संगीताला त्या पानांवर ठेवलं. ड्रायव्हर मागे सरकला. "अक्का, पोलीस केस व्हई."

अक्कानं पळी त्याच्या तोंडावर मारली. "चालू कर," ती म्हणाली. त्यानं नाकातलं रक्त पुसत ट्रॅक्टर चालू केला.

चोपड्याला पोहोचले तोवर संगीता डोळे उघडून वर बघत होती. अक्का तिच्याशी सारखी बोलत होती, पोरगी बरी आहे, पोरगी ओट्यावर आहे, पोरगी खिचडी खाते आहे. मंगला तिथून परतली, संगीताला जळगावला हलवलं. जळगाव यायच्या आधी ती गेली.

परत येताना अक्का एकटीच बसनं आली. लुगडं कमरेपासून खाली वाळून कडक झालेलं. शेजारच्या सीटवरची बाई सरकून बसली आणि सहज आपुलकीनं म्हणाली, "कापणीवरतून उन्यात का, अक्का?" हे सांगताना अक्काचा आवाज दर वेळी इथेच फाटायचा. संगीताचं मरण ती सांगू शकायची, हे नाही.

विजूला बागेतूनच धरलं होतं. ट्रक भरत होता तो, घड मोजत होता, टोळीबरोबर चहा प्यायला होता. अक्का गावात उतरली तेव्हा घराचा पंचनामा उरकून पोलीस त्याला गाडीत घालत होते. ती पळी अजून तिच्या हातात होती. चोपडा, जळगाव, परत, पळी तिनं खाली ठेवलीच नव्हती. ती सरळ चालत गेली आणि त्याला मारायला लागली, डोक्यावर, तोंडावर, कानावर. ओरडत नव्हती, शिव्या देत नव्हती. पोरं वाघाला मारायची तशी, एकेक अवयव पुसून टाकावा तशी मारत होती. पोलिसांनी थोडं मारू दिलं, मग धरलं. विजूनं हात वर केला नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही. खरं सांगते, अजून दोन-चार फटके बसायला हवे होते असंच वाटलं.

त्यानंतर ओटा गप्प झाला. प्रार्थना, बडबडगीतं, सगळं कागदावर असतं तसं सुरू झालं. कोळसा खिडकीत पडून होता. आरोहीचा मामा तिला नेणार होता, मग त्याच्या बायकोचं जमेना, मग विषयच निघेना. पोर अक्काकडेच राहिली. दोघी सकाळी हात धरून यायच्या आणि दुपारी हात धरून जायच्या, बोलताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही. मी एकदा अक्काला म्हटलं, "तुमच्यामुळे संगीता माणसांत तरी गेली, अक्का. दाराआड नाही गेली."

"डाग मी देखा व्हता, बाई," ती म्हणाली. "मना डोळासनी देखा." मग पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

उन्हाळ्यात माझी बदली जळगावला झाली. शेवटच्या दिवशी मी निरोप घ्यायला ओट्याकडे गेले. पोरं गोल करून बसली होती, बडबडगीत चाललं होतं. अक्का भिंतीला टेकून बसली होती, डोळे लाल. आता कळतं, ती कित्येक महिने झोपलीच नसावी. गाणं संपलं तशी आरोही उठली, खिडकीतला कोळसा घेतला आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अक्का, तुले काय सपन पडनं?"

मला वाटलं, गुडघ्याचं सांगेल. अक्कानं तिच्या हातातल्या कोळशाकडे पाहिलं.

"दार," ती म्हणाली.

"कितलं मोठं?"

अक्कानं हातानं दाखवलं. आरोही ओट्यावर उकिडवी बसली आणि काढायला लागली. रेघा वाकड्यातिकड्या, पण दार झालं.

"बंद शे का?"

"बंद शे."

"कडी कोठे शे?"

अक्का पुढे वाकली. तिनं बोट टेकवलं. "आठे. बाहेरतून."

आरोहीनं कडी काढली, काळी, जाड, कोळसा दाबून दाबून. मग पायातली चप्पल काढली. पोरांनीही आपापल्या चपला उचलल्या, पण तिनं हातानंच सगळ्यांना थांबवलं. दाराला तिनं हात लावला नाही. फक्त कडीवर मारलं. एकटीनं, दोन्ही हातांनी चप्पल धरून, दात-ओठ खात, केस तोंडावर येईपर्यंत मारत राहिली. कडीचा ठिपकासुद्धा उरला नाही तेव्हा थांबली, आणि धापा टाकत अक्काकडे वळली.

"उघडं व्हई गयं," ती म्हणाली. "आते झोप."

अक्का तोंडावर पदर घेऊन रडत होती, मोठ्यानं, लहान पोरासारखी. पोरं तिच्याकडे टकामका बघत होती. मला बस गाठायची होती, मी तिथूनच निघाले. आवाराबाहेर आले तरी आरोहीचा आवाज ऐकू येत होता, ती सगळ्यांना हात धुवायला सांगत होती.